निशाण आणि निशाणा

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. दोन भाषांत रोज ये-जा केली की काही शब्द असे भेटतात, ज्यांचं घर दोन्हीकडे असतं. 'निशान' हा त्यातलाच एक. मूळ फारसी, अर्थ खूण. उर्दूतला 'निशाना' म्हणजे जिथे नेम धरायचा ती खूण. मराठीत येताना 'न'चा 'ण' झाला आणि आपल्याला दोन शब्द मिळाले. निशाण म्हणजे झेंडा आणि निशाणा म्हणजे लक्ष्य. एकाकडे मान वर करून बघायचं, दुसऱ्याकडे एक डोळा मिटून.

2024 च्या 15 ऑगस्टला माझ्या वर्गातल्या मुलांनी ही दोन्ही कामं एकाच दिवशी केली. सकाळी निशाणाला सलामी दिली आणि दुपारी निशाणा साधला. त्या दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात नेमबाजीशिवाय दुसरा विषय नव्हता. 1 ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. 1952 मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. तसा हा जिल्हा नेमबाजीला नवा नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पण ऑलिम्पिकचं पदक म्हणजे वेगळीच गोष्ट. आमच्या शाळेत तर मधल्या सुट्टीत मुलं फूटपट्टी खांद्याला लावून एक गुडघा टेकून बसायला लागली होती.

अशात जवळच्या एका शूटिंग रेंजचं पत्र आलं. स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनानंतर परिसरातल्या शाळांमधल्या मुलांना रेंज बघता येईल, प्रत्येकाला एअर रायफलचे पाच छर्रे मोफत मारता येतील. पालकांचं संमतीपत्र हवं आणि मुली असतील तर सोबत एक शिक्षिका हवी. पीटीच्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात एनसीसीत होते, हे त्यांना माहीत होतं.

अकरा मुलांनी नावं दिली. त्यात नववीतली एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे वाचल्यावर कळेलच. वर्गात ती फार बोलत नाही. शुद्धलेखनात मात्र तिच्या नुक्त्याची जागा कधी चुकत नाही. अशा मुलीच्या हातात रायफल कशी दिसेल, याची मला उत्सुकता होती.

14 ऑगस्टच्या दुपारी तिची अम्मी शाळेत आली. संमतीपत्रावर सही केलेली होती, पण तो कागद तिने लगेच माझ्या हातात दिला नाही.

"बाजी, पाठवायला माझी ना नाही. तिच्या अब्बांचीही नाही. पण हातात बंदूक घेतलेला तिचा फोटो कुणी काढायचा नाही. आणि स्टेटसला तर नाहीच नाही."

मी म्हटलं, "खेळाची रायफल आहे ती. सगळ्या शाळांची मुलं येणार आहेत."

"मला माहीत आहे, बाजी. तुम्हालाही माहीत आहे. पण फोटो बघणाऱ्याला कुठं माहीत असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मान डोलावली, तेव्हा तिने कागद दिला.

बाहेरच्या वाचकांना ही भीती वाढवून सांगितल्यासारखी वाटेल, म्हणून थोडं मागचं सांगते. 2023 च्या जूनमध्ये काही तरुणांच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस ठेवणारे मोजके, दारं लावून बसलेले हजारो. या मुलीचा मोठा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, तरी त्या रात्री त्याने आपल्या फोनमधले सगळे फोटो पुसून टाकले. ईदचे, मित्राच्या लग्नातले, कबड्डीच्या सामन्यांचेही. पुढे 2024 च्या जुलैमध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची तोडफोड झाली. त्याला 15 ऑगस्टपर्यंत जेमतेम महिना झाला होता. आमच्याकडच्या बायकांना आता फोटो म्हटलं की आधी तो कुणाकुणाच्या फोनवर जाईल हे आठवतं.

त्या संध्याकाळी मला माझा स्वतःचा फोटो आठवत राहिला. 1999 चं साल. मी सीनियर विंगची कॅडेट होते. कॅम्पमध्ये .22 रायफलने पाच राउंड फायर करायला मिळाले. सतरंजीवर पोटावर झोपून, कोपरं टेकवून, उस्तादांच्या 'भर', 'फायर', 'खाली कर' या हुकमांवर. कॅम्प संपताना फोटोग्राफरने प्रत्येकीचा रायफल घेतलेला फोटो काढला. खाकी गणवेश, डोक्यावर बेरे, चेहऱ्यावर उगाचच गंभीर भाव. ते कारगिलचं वर्ष होतं. माझ्या अब्बांनी तो फोटो फ्रेम करून शोकेसमध्ये मक्क्याच्या चित्राशेजारी ठेवला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, ते तो दाखवत. आमच्या शेजारच्या काकूंनी तर स्वतःच्या मुलीला एनसीसीत घालताना अब्बांकडून तो फोटो मागून नेला होता, तिच्या आजीला दाखवून राजी करायला. त्या फोटोत बंदूक दिसते म्हणून कुणाच्या मनात काही आलं असेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

आम्ही भाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामान लावताना माझ्या जावेने ती फ्रेम उचलली आणि म्हणाली, "हॉलमध्ये नको, आत ठेवूया." तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फ्रेम बेडरूममध्ये कपाटावर आहे. पंचवीस वर्षांत फोटो तोच राहिला. बदलली ती तो लावायची जागा.

स्वातंत्र्यदिन आणि रायफल यांचं नातं मी त्या रात्री वेगळ्या बाजूनेही आठवून पाहिलं, इतिहासाच्या तासाची सवय म्हणून. इंग्रजांनी 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात, शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. त्या कायद्यातला अपमान इतका बोचणारा होता की अहिंसेचं व्रत घेतलेल्या गांधीजींनीही त्यावर कडक टीका केली होती. स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा कायदा केला. परवाना आजही लागतो आणि लागायलाच हवा. पण तो मागणाऱ्याच्या कातडीचा रंग आता कायदा विचारत नाही. खेळातल्या साध्या एअर रायफलला, ती ठरलेल्या मर्यादेतली असेल तर, परवानाही लागत नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी रायफल धरायला कायद्याची काही अडचण नव्हती. अडचण होती ती कायद्याच्या पुस्तकात न लिहिलेली.

15 ऑगस्टला सकाळी झेंडावंदन झालं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे घरोघरी जिलेबी आली. आम्ही पीटीचे सर, मी आणि अकरा मुलं दोन रिक्षांत बसून रेंजवर पोचलो.

ज्यांनी रेंज बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. उरुसात फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी धरलेली असते. तिथे आरडाओरडा असतो, बंदुकीची नळी थोडी वाकडी असते आणि फुगा फुटला तर ते नशीब. रेंजवर सगळं उलट. लांबट खोली, एका टोकाला मुलं, दहा मीटरवर भिंतीपाशी पुठ्ठ्याची टार्गेटं, मध्ये कुणीही नाही. तिथली शांतता वाचनालयासारखी असते. कोच सरांनी रायफल दाखवायच्या आधी पंधरा मिनिटं फक्त नियम सांगितले. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. 'स्टॉप' म्हटलं की जे असेल तिथे थांबायचं. रायफल रिकामी असली तरी ती भरलेली आहे असंच समजायचं. आणि शेवटचा नियम त्यांनी दोनदा सांगितला, "जिवंत वस्तूकडे नळी कधीही नाही. गमतीनेही नाही."

मग टार्गेट. मधला काळा गोल एखाद्या मोठ्या नाण्याएवढा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्याच्या मध्यावर दहा गुणांचा ठिपका, फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. माझ्या लाल पेनाने कागदावर नुसतं टेकवलं तर उमटेल तेवढा. स्पर्धेतले नेमबाज 75 मिनिटांत असे 60 नेम मारतात, तेही उभं राहून, साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरून. आमच्या मुलांसाठी मात्र रायफल स्टँडवर टेकवून ठेवली होती.

तिची पाळी आली तेव्हा एक छोटी अडचण निघाली. रायफलच्या दस्त्यावर गाल नीट टेकावा लागतो, आणि तिच्या स्कार्फची घडी मध्ये येत होती. कोच सर म्हणाले, "कपड्याचं काही नाही बाळा, फक्त चुणी नको. गाल दर वेळी एकाच जागी यायला हवा." मी पिन काढून दिली. तिने स्कार्फ गालाजवळ ताणून बसवला आणि परत टेकली.

"श्वास घे. अर्धा सोड. थांब. आता काळा ठिपका गोलाच्या मधोमध आला की बोट हळूच दाब. ओढायचं नाही."

टक्. एअर रायफलचा आवाज एवढाच असतो.

पहिला छर्रा डावीकडे खाली, काळ्याच्या बाहेर. दुसराही तिथेच. तिसराही. बाकीची मुलं हसायला लागली. मला वाटलं ती रडणार. पण कोच सरांनी पुठ्ठा जवळ मागवून घेतला आणि सगळ्यांना बोलावलं. तीन भोकं एकमेकांना चिकटून होती, एका नखाखाली झाकली जातील इतकी. ते म्हणाले, "हिचा नेम चुकलेला नाही. पाच छर्रे पाच ठिकाणी गेले तर नेमबाज हलतोय. एकाच ठिकाणी गेले तर फक्त साइट हलवायची." त्यांनी मागच्या साइटची दोन बटणं फिरवली. चौथा छर्रा आठात गेला. पाचवा नवात.

मराठीत आपण 'नेम धरणे' म्हणतो आणि 'नेमधर्म'ही म्हणतो. लक्ष्यावर रोखलेली नजर आणि रोज न चुकता पाळायची गोष्ट, दोन्हींना एकच शब्द. त्या तीन भोकांकडे बघताना मला तिचे न चुकणारे नुक्ते आठवले.

मुलांच्या आग्रहाने मीही पाच छर्रे मारले. शेवटचे दोन काळ्यात गेले, एवढंच सांगते.

परत येताना रिक्षात सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, याने चिमणी पडेल का?" मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आपल्याकडे हदीसच्या पुस्तकांत आहेत. पहिली अस्लम कबिल्याची. त्यांची माणसं तिरंदाजीचा सराव करत होती. पैगंबर (स.) तिथून गेले, त्यांना उत्तेजन दिलं आणि म्हणाले की मी अमुक गटाच्या बाजूने आहे. तेव्हा दुसऱ्या गटाने हातच आखडते घेतले, कारण पैगंबरांच्या विरुद्ध बाण कसा मारायचा? मग ते म्हणाले की मारा, मी तुम्हा सगळ्यांच्याच बाजूने आहे. दुसरी गोष्ट हजरत इब्ने उमर यांची. काही मुलं कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरत होती. इब्ने उमर आले तशी ती पांगली. त्यांनी सांगितलं की जिवंत प्राण्याला निशाणा करणाऱ्याचा पैगंबरांनी धिक्कार केलेला आहे. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कोच सरांचा शेवटचा नियम तोच होता."

आता फोटोचं. निघायच्या आधी रेंजवाल्यांनी सगळ्या शाळांच्या मुलांना एकत्र उभं केलं. मागे तिरंगा, पुढे मुलं, चार-पाच जणांच्या हातात रिकाम्या रायफली. कोच सरांना मी आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "ज्यांना रायफल नको त्यांनी आपापला पुठ्ठा धरा. खरं तर तोच धरायचा असतो." ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली, छातीशी पाच भोकांचा पुठ्ठा. शेजारच्या शाळेतली मुलगी तिच्याकडे वाकून तिचे गुण मोजत होती, तेवढ्यात फोटो निघाला. त्यात दोघींचे चेहरे अर्धेच आलेत.

तो फोटो चांगला आहे. तिच्या अम्मीलाही आवडला. पण माझ्या मनात एक गोष्ट राहिलीच. मागे तिरंगा असलेल्या त्या फोटोत रायफल धरलेली इतर मुलं उद्याचे खेळाडू म्हणून बघितली जातील, आणि आमच्या मुलीने ती धरली असती तर तिच्याकडे कसं बघितलं गेलं असतं, याचा हिशेब एका आईला आदल्या दिवशीच करावा लागला. तिचा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तिने मुलीला खेळापासून अडवलं नाही. जिथे इजा होऊ शकते तेवढी एकच जागा तिने झाकली. रेंजवर कोच सर नळी कुठे आहे याची जेवढी काळजी घेतात, तेवढीच ती कॅमेरा कुठे आहे याची घेत होती. फरक एवढाच की रेंजवरचे नियम सगळ्यांना सारखे आहेत.

सप्टेंबरमध्ये ती माझ्याकडे आली. तिला रविवारी सरावाला जायचं होतं. रेंजची रायफल वापरायला मिळते, छर्ऱ्यांचे आणि महिन्याच्या फीचे पैसे द्यावे लागतात. स्वतःची आयात केलेली रायफल घ्यायची तर किंमत लाखांच्या घरात. तो विचारही नको. मी तिच्या अम्मीला भेटायला गेले. सोबत मोबाइलवर एक फोटो शोधून ठेवला होता, मेराज अहमद खान यांचा. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे हे नेमबाज दोन ऑलिम्पिक खेळले, आणि 2022 मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषक स्पर्धेत स्कीट प्रकारात सुवर्ण जिंकले. हातात शॉटगन, अंगावर भारताचं जॅकेट.

तिने फोटो नीट बघितला. मोठा करून बघितला. मग फोन परत देत म्हणाली, "माशाअल्लाह. पण बाजी, हा मोठं झाल्यावरचा फोटो आहे. त्याच्या आधीचा दाखवा ना, चौदा वर्षांचे असतानाचा."

तो माझ्याकडे नव्हता. मी तसं सांगितलं. आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

चहा झाल्यावर मी शालेय जिल्हा स्पर्धेचा फॉर्म काढला. सतरा वर्षांखालील मुली, खेळ नेमबाजी, प्रकार एअर रायफल. वरच्या उजव्या कोपऱ्यात चौकोन होता, 'पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवा' असं लिहिलेला. तिच्या अम्मीने कपाटातून आधार कार्डाच्या वेळचे उरलेले फोटो आणले. त्यातला एक निवडला, मागून डिंक लावला आणि चौकोनात बसवून अंगठ्याने बराच वेळ दाबून धरला. मग पेन मागून पालकाच्या रकान्यात सही केली आणि विचारलं, "रविवारी किती वाजता सोडायचं हिला?"